लांबच्या घराचा हप्ता कोण भरतं?

घर घ्यायचं ठरलं की आपल्या घरांत कागद-पेन घेऊन हिशेब मांडला जातो. ठाण्याला केवढ्याला पडेल, डोंबिवलीला केवढ्याला, आणि आणखी पुढे बदलापूरला गेलं तर किती वाचतील. मग कर्ज किती मिळेल, हप्ता किती बसेल, प्रॉव्हिडंट फंडातून किती काढता येतील, दागिने मोडायचे का. सगळ्यात शेवटी रेल्वेचा पास. दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास अजूनही काही शे रुपयांत मिळतो. लाखांच्या आकड्यांपुढे तो इतका किरकोळ दिसतो की पुष्कळदा लिहिलाही जात नाही. बेरीज होते, लांबचं घर स्वस्त ठरतं आणि पेढे वाटले जातात.

या हिशेबात एक रकाना नसतो. तो म्हणजे तासांचा. आणि तास मोजलेच, तरी ते कुणाचे, हे कुणी लिहीत नाही. या लेखात मला त्या रकान्याविषयी बोलायचं आहे.

मुंबईत घराची किंमत स्टेशनागणिक बदलते हे काही नवीन नाही. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, पुढच्या वर्षी रेल्वे कल्याणला पोचली, आणि तेव्हापासून हे शहर रुळांच्या कडेकडेने लांबत गेलं. मुंबईच्या टोकापासून ठाणे ३४ किलोमीटर, कल्याण ५४, बदलापूर ६८. पश्चिमेला बोरिवली ३४, विरार ६०. जसजसे आपण पुढच्या स्टेशनाकडे सरकतो तसतसा भाव उतरतो. हा उतरलेला भाव ही बिल्डरची मेहेरबानी नव्हे. आपण रोज गाडीत जो वेळ घालवणार आहोत, त्याची ती आगाऊ दिलेली भरपाई आहे. प्रश्न एवढाच, की भरपाई कुणाच्या हातात पडते आणि वेळ कुणाचा जातो.

एक उदाहरण मांडून पाहू. आकडे मानलेले आहेत, आपापल्या घरचे घालून बघावेत. समजा, ठाण्यापेक्षा बदलापूरला तेवढंच घर २० लाखांनी स्वस्त मिळतं. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांचं कर्ज धरलं, तर या २० लाखांचा हप्ता महिना सुमारे १७,४०० रुपये होतो. म्हणजे लांब गेल्यामुळे दरमहा तेवढे वाचले. आता दुसरी बाजू. गाडीतला जादा वेळ, गाड्या कमी असल्याने फलाटावर जाणारा वेळ आणि रिक्षाच्या रांगेतला वेळ धरून, येऊन-जाऊन रोज दीड तास जास्त लागतो असं धरू. महिन्याचे २५ दिवस कामाचे धरले तर महिन्याला साडेसदतीस तास, वर्षाला ४५० तास. कर्ज फिटेपर्यंत ९,००० तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर हे १,१२५ दिवस होतात. वर्षाला ३०० दिवस काम केलं असं मानलं, तर पावणेचार वर्षांची नोकरी. हे फक्त जादा तास. ठाण्याहूनही जो प्रवास करावा लागलाच असता तो यात धरलेला नाही.

वाचलेले १७,४०० रुपये या साडेसदतीस तासांवर वाटले, तर तासाला सुमारे ४६५ रुपये पडतात. नवरा-बायको दोघंही प्रवास करत असतील तर तास दुप्पट होतात आणि दर निम्म्यावर, म्हणजे २३० रुपयांवर येतो. महिना २५,००० रुपये पगार असलेल्या बाईची तासाची मिळकत १२५ रुपयांच्या आसपास असते. म्हणजे निव्वळ पैशांच्या भाषेत लांबचं घर घेणारी माणसं वेडी नाहीत. ती शहाणपणानेच वागतात. ज्यांच्याकडे जादा २० लाख नाहीतच, त्यांना तर निवडही नसते. तेव्हा ‘लांब जाऊ नका’ असा उपदेश करण्यात अर्थ नाही. हिशेब चुकलेला नाही, तो अपुरा आहे.

अमेरिकेत शिकागोच्या ‘सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी’ या संस्थेने २००६ साली घराचा खर्च आणि प्रवासाचा खर्च एकत्र मोजण्याची पद्धत पुढे आणली. दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असेल तर ते ठिकाण परवडणारं समजायचं. नुसत्या घराच्या किमतीवर भुलू नका, हे सांगायला ही पद्धत चांगलीच आहे. पण तिथेही मोजले जातात ते पैसे. आणि कुटुंबाचा खर्च एकच धरला जातो, जणू कुटुंबातली सगळी माणसं सारखाच भार उचलतात.

तो सारखा नसतो, हे आपण बायका जाणतोच, आता सरकारी आकडेही सांगतात. २०२४ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. आणि हे फक्त ‘करणाऱ्या’ पुरुषांचं झालं. आधीच्या, २०१९च्या पाहणीत दिवसभरात थोडं तरी घरकाम केलेले पुरुष शंभरात २६ होते, स्त्रिया ८१.

आता या दोन दिवसांवर दीड-दीड तासांचा जादा प्रवास ठेवून पाहा. पुरुषाचा दीड तास जातो तो बहुधा त्याच्या विश्रांतीतून, गप्पांतून, टीव्हीतून. तोही थकतो. दारात लोंबकळणाऱ्या माणसाचे हाल कुणी नाकारत नाही. ९ जून २०२५ला दिवा-मुंब्रा दरम्यान भरल्या लोकलमधून पडून प्रवासी दगावले, तेव्हा या हालांची किंमत सगळ्यांनी पाहिली. पण बाईच्या दिवसात जादा दीड तास काढायला जागाच नसते. कणीक मळायची असते, डबे भरायचे असतात, पाणी भरायचं असतं, मुलाचा अभ्यास असतो, सासऱ्यांची औषधं असतात. ही कामं लांब गेल्याने कमी होत नाहीत. मग दीड तास निघतो तो झोपेतून. पाचला उठणारी साडेतीनला उठू लागते. संसाराच्या जमाखर्चात बाईची झोप कधीच लिहिली जात नाही, म्हणून लांबचं घर इतकं स्वस्त दिसतं.

संध्याकाळच्या लोकलमधल्या बायकांच्या डब्याचं पुष्कळ कौतुक होतं. भाजी निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या, लसूण सोलणाऱ्या बायकांचे फोटो छापून येतात. ‘वेळेचा सदुपयोग’ असं खाली लिहिलेलं असतं. शेजारच्या पुरुषांच्या डब्यात भजन चालतं, पत्त्यांचा डाव रंगतो. तिथे कुणी गवार मोडत बसलेलं दिसत नाही. एकाच गाडीने, एकाच गावाला, तितकंच दमून जाणाऱ्या दोन माणसांपैकी एकाचा प्रवास संपतो आणि एकीचं काम गाडीतच सुरू होतं. यात कौतुक करण्यासारखं काय आहे?

डब्याची दुसरी बाजूही आहे, ती विसरून चालणार नाही. ५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली ही खास बायकांची लोकल सुरू झाली. त्या गाडीने आणि एरवीच्याही बायकांच्या डब्यांनी हजारो जणींना मैत्रिणी दिल्या. तिथे भिशी चालते, दसऱ्याला डबा सजतो, नवऱ्याने मारल्याचं पहिल्यांदा तिथेच कुणाला तरी सांगितलं जातं. शिवाय सासरच्या दोन खोल्यांतून निघून डोंबिवली-विरारला वेगळा संसार थाटणं हाही कित्येकींना मोकळा श्वास होता. म्हणून लांबचं घर म्हणजे शिक्षाच, असंही म्हणता येणार नाही. पण मोकळीक मिळाली म्हणून तिची किंमत एकटीनेच फेडायची, हे कुठल्या न्यायात बसतं?

आता हिशेब खरोखरच कुठे उलटतो ते पाहू. लांब राहायला गेल्यावर वर्ष-दोन वर्षांत पुष्कळ घरांत एक वाक्य ऐकू येतं, ‘तिला झेपत नाही, म्हणून नोकरी सोडली.’ मूल लहान असतं. आधी शेजारच्या काकू किंवा आई तासभर सांभाळायच्या, त्या आता तीस किलोमीटर मागे राहिल्या. पाळणाघर संध्याकाळी सातला बंद होतं आणि गाडी पावणेआठला पोचते. कुणीतरी घरी थांबायला हवं, आणि ‘कुणीतरी’ कोण हे कुणी विचारत नाही. वरच्या उदाहरणात लांब गेल्याने १७,४०० रुपये वाचत होते. २५,००० रुपये पगाराची नोकरी सुटली की पास, डबा, पाळणाघराचे पैसे वजा करूनही बचतीचा मोठा भाग बुडाला. आणि पगार दरवर्षी थोडा वाढला असता, हप्ता बहुधा तेवढाच राहिला असता. पुढच्या दहा वर्षांचा विचार केला तर ते स्वस्त घर चांगलंच महाग पडलं.

काही जणी नोकरी सोडत नाहीत, घराजवळची शोधतात. स्टेशनाजवळचा दवाखाना, खाजगी शाळा, दुकान. पगार बहुधा खाली येतो. प्रॉव्हिडंट फंड नसतो, बाळंतपणाची रजा नसते. त्यालाही ‘तिने सोयीचं निवडलं’ असं म्हटलं जातं. सोय कुणाची झाली?

हे झालं ज्यांना निवडायला थोडी तरी मोकळीक आहे त्यांचं. ज्यांचं कामच पायी जाण्याच्या अंतरावर असतं, त्यांचं काय? गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची उदाहरणं जुनी नाहीत. गिरण्यांच्या भोवती चाळी होत्या, चाळीत कामगार होते, म्हणून डबा पोचत होता आणि बाईच्या हातात पैसा येत होता. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं ते याच बायकांना घेऊन. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, कुटुंबं कल्याण, बदलापूर, विरारकडे पांगली. नव्या घरी स्वयंपाक करणारे हात तेच होते, पण गिऱ्हाईक उरलं नाही. जुलै २०२५मध्ये गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले, तेव्हा त्यांची मागणी होती की घरं मुंबईतच द्या, बदलापूरच्याही पलीकडे शेलू-वांगणीला नकोत. ‘फुकटात घर मिळतंय तर नखरे कशाला’ असं म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं की दादर-परळला चार घरची कामं धरणारी सून वांगणीहून ती कामं कशी करणार.

झोपडपट्टी उठवून लांब पुनर्वसन होतं तिथेही हेच घडतं. पक्कं घर मिळतं, संडास घरात येतो, ही मोठीच गोष्ट. पण चार घरची धुणीभांडी करणारी बाई बसच्या भाड्यात आणि दोन तासांच्या प्रवासात दुपारचं घर गमावते, मग संध्याकाळचं. कागदावर कुटुंबाला घर मिळालेलं असतं आणि बाईचा रोजगार कुठेच नोंदला न जाता गेलेला असतो.

यावर उपाय म्हणून कुणी सांगेल, जवळ भाड्याने राहा. विचार करण्यासारखा आहे. ‘भाडं म्हणजे पाण्यात पैसे’ ही समजूत आपल्याकडे पक्की आहे, पण मुलं लहान असतानाची आठ-दहा वर्षं कामाजवळ भाड्याने राहून दोघांची नोकरी टिकत असेल तर ते पैसे पाण्यात गेले असं म्हणता येत नाही. मात्र त्यातली अडचणही सांगायला हवी. अकरा महिन्यांचा करार, दर वर्षी बोचकी बांधणं, नवी शाळा, नवा गॅस, नवी ओळख. ही उचलाउचलही बहुधा बाईच्याच अंगावर पडते. म्हणून भाड्याचं घर हे हमखास उत्तर नाही. हिशेबात धरण्याजोगा तो एक पर्याय आहे, एवढंच.

मग करायचं काय? घराघरांतून करता येण्यासारख्या चार गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, हिशेबाच्या कागदावर तासांचे रकाने आखावेत, आणि ते नावानिशी. तिचे प्रवासाचे तास, त्याचे प्रवासाचे तास, तिचं घरकाम, त्याचं घरकाम. बुकिंगचे पैसे भरण्याआधी एक आठवडा खऱ्या वेळेला, खऱ्या गर्दीत त्या स्टेशनापासून कामापर्यंत दोघांनी जाऊन यावं. रविवारी दुपारी बिल्डरच्या गाडीतून घर पाहून अंतर कळत नाही.

दुसरी, घर लांब घ्यायचं ठरलं तर कामाची वाटणी त्याच वेळी ठरवावी. जो आधी घरी पोचेल त्याने कुकर लावायचा, हा साधा नियम. ठाण्याचं घर घ्यायला २० लाख लागतात. त्याने भाजी निवडायला काहीच लागत नाही. जवळ राहून जो वेळ विकत घेता येतो, त्यातला बराचसा वेळ घरातल्या पुरुषाने हात चालवले तर फुकट मिळतो. हा पर्याय कुठल्याही जाहिरातीत नसतो.

तिसरी, नाव. जिच्या झोपेतून घर स्वस्त होतं तिचं नाव करारनाम्यावर आणि सोसायटीच्या भाग-दाखल्यावर मालक म्हणून असलंच पाहिजे. इथे नीट पाहावं. कर्ज जास्त मिळावं म्हणून बायकोला सहकर्जदार करतात, पण करारनाम्यावर तिचं नाव नसतं. असं झालं की कर्ज फेडायची जबाबदारी तिची, घर मात्र तिचं नाही. नॉमिनी म्हणून नाव असणं म्हणजेही मालकी नव्हे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१पासून स्त्रीच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. तिच्यामुळे काही घरांत बाईचं नाव लागलं, हे चांगलंच. पण सवलतीपुरतं नाव आणि निर्णय दुसऱ्याचा, असं होऊ नये यासाठी आपणच जागं राहायला हवं.

चौथी, नोकरी. ‘घर घेतलं म्हणून तिने नोकरी सोडली’ हे वाक्य घर घेण्याआधी उच्चारलं जावं. कुणाची नोकरी सुटण्याची शक्यता आहे, सुटली तर हप्ता कसा भरायचा, आणि सुटायचीच झाली तर तिचीच का, हे तिन्ही प्रश्न बुकिंगच्या आधीचे आहेत.

पण सगळं घराघरावर सोडून चालणार नाही. ठाण्याच्या पुढे राहणाऱ्या बाईला तिचे तास परत द्यायचे तर ते काम सरकारचं, रेल्वेचं आणि मालकांचंही आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची तरतूद आली. आपल्या ऑफिसात ते आहे का, हे विचारण्याचं काम युनियनचं आणि आपलं. रात्री उशिरापर्यंत चालणारी पाळणाघरं दूरच्या स्टेशनांजवळ हवीत. स्टेशनांवर स्वच्छ, उघडी संडास-मुताऱ्या हव्यात. २०११पासून मुंबईत बायकांच्या मुतारीच्या हक्कासाठी मोहीम चालली, तरी आजही दोन तासांच्या प्रवासाला निघताना पाणी न पिण्याची सवय बायकांच्या अंगवळणी आहे. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, दिल्ली आणि कर्नाटकात बस मोफत झाली. भाड्याची ही सवलत कामकरी बायकांना नक्कीच उपयोगी आहे. पण लोकलच्या प्रवासात बाईचं सर्वांत मोठं नुकसान भाड्याचं नसतं, वेळेचं आणि सुरक्षिततेचं असतं. गाड्यांची संख्या, बायकांचे डबे, रात्री स्टेशनाबाहेरचे दिवे आणि शेअर रिक्षा यांनी तो वेळ वाचेल.

आणि पुनर्वसनाची घरं कुठे बांधायची हे ठरवताना बाईच्या रोजगाराचं अंतर मोजणं सक्तीचं हवं. नकाशावर जागा स्वस्त आहे म्हणून माणसं तिथे नेऊन ठेवायची, हा तोच अपुरा हिशेब, फक्त सरकारी कागदावर.

पुढच्या वेळी गटाच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या एका दिवसाचे तास लिहून आणावेत आणि शक्य असेल तर घरातल्या पुरुषाचेही. घर जवळ घ्यावं की लांब, याचं एकच उत्तर सगळ्यांसाठी नाही. पण ते उत्तर काढताना आपले तास शून्य धरले जाणार नाहीत, एवढं तरी आपण ठरवू शकतो.